नकाशाबाहेरची घोरपड

मी घोरपड बोलतेय. जरा लांबूनच ऐका, तुम्हा माणसांचा मला काडीचा भरवसा नाही.

माझा जन्म डोंगरातल्या एका गावामागच्या दरडीतला. आईचाही तिथलाच. खाली सपाटीवर वाळू नांगरून कापूस लावला, तेव्हा पणजी डोंगराकडे निघाली ती तिथे येऊन थांबली. आम्ही उंदीर खाल्ले, साप खाल्ले, कुणाच्या ताटातलं काही उचललं नाही. तरी तिथले किरगिझ लोक मला ‘एचकेमेर’ म्हणतात, म्हणजे शेळीला पिणारी. मला ओठ नाहीत, जीभ मधोमध चिरलेली. आचळ धरू कशानं? पण विचारतो कोण.

या उन्हाळ्यात झुराकान म्हातारीची शेळी आटली. आटली कसली! तिची सून साइरागुल रोज तांबडं फुटायच्या आत शेळी पिळायची आणि दूध आपल्या किडकिडीत मुलीला पाजायची. एरवी म्हातारी सगळ्या दुधाचं दही करून, त्याच्या गोळ्या सुकवून रशियात कामाला गेलेल्या लेकाला पाठवी. नातीच्या वाट्याला नुसता चहा. मी दरडीतून सारं बघत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, त्यातला संन्यासी मी.

त्यात माझे दिवस भरलेले. उन्हानं तापणारी मऊ माती फक्त त्या दरडीत, अंडी तिथेच घालायची होती. चार दिवस उकरलं, पाचव्या दिवशी घातली, वरून माती लोटून बीळ बुजवलं. मागे वळते तर गावचे आठ पुरुष काठ्या घेऊन उभे.

उभे कसे, तर मांड्या घट्ट जुळवून. घोरपड पायांमधून गेली की पुरुषाला मूल होत नाही, अशी यांची पक्की समजूत. त्या अवघडलेल्या अंगानं नेम काय धरणार? मी मुद्दाम त्यांच्यातूनच धावले. आठही जण कुंपणावर चढले.

“व्हा रे बाजूला,” झुराकान म्हणाली. “माझं आता काय जायचंय?” आणि पुलावाची लोखंडी कढई तिनं माझ्यावर पालथी घातली.

त्या आठवड्यात तोल्कुनबेक नावाचा एक संशोधक शहरातून सरडे मोजायला आला होता. त्यानं कढईची कड उचलून मला पाहिलं, मग नकाशा पाहिला, मग पुन्हा मला.

“ही इथे असूच शकत नाही,” तो म्हणाला. “हिची हद्द ऐंशी किलोमीटर खाली संपते.”

“मग कढईखाली कोण, माझी विहीण?”

“आपा,” तो म्हातारीला आदरानं म्हणाला, “हा फार मोठा शोध आहे.”

“शोध कसला डोंबलाचा? बापजाद्यांपासून आम्ही हिला दगड मारतोय.”

“आणि ही शेळीला पीत नाही. हिला ओठच नाहीत.”

म्हातारी सावकाश सुनेकडे वळली. “मग दूध जातं कुठे गं?”

साइरागुलनं मुलीला उचलून कडेवर घेतलं. मला वाटलं, आता खरं बोलेल.

“मी या डोळ्यांनी पाहिलंय, आपा. आचळाला लटकली होती.”

पोरीसाठी बोलली, ते मला कळतं. मीही आई आहे. पण तिला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही.

“ठेचा तिला,” कुंपणावरून कुणीतरी म्हणालं.

“मारू नका,” तोल्कुनबेक म्हणाला. “मी हिला हिच्या घरी नेऊन सोडतो.”

घरी! पोत्यात कोंबून, ऐंशी किलोमीटर हादरे देत, त्यानं मला या परक्या वाळूत आणून टाकलं. इथल्या प्रत्येक टेकाडाला धनीण आहे, आणि तिला दात आहेत. माझ्या पाठीवर दोन जखमा झाल्यात.

जाण्यापूर्वी तोल्कुनबेकनं नकाशावर गावाच्या जागी एक टिंब काढलं आणि वहीत लिहिलं, ‘घोरपड, मादी. संख्या एक. हलवली.’ झुराकान आता निर्धास्त झोपत असेल.

दरडीत माझी अकरा अंडी आहेत. रागाच्या भरात तुम्हाला सांगून बसले. आता एवढं करा, तिथं कुणाला सांगू नका.