मेरीमचं खोगीर

"सोडा आधी ते पट्टे!" बुबुसारा दारातूनच ओरडली. "पोर आहे की सरपणाची मोळी?"

पाळण्याशी बसलेल्या आजीनं, उम्सुनाय अपांनी, मानसुद्धा वर केली नाही. "पाच पोरं वाढवली मी या पाळण्यात, अशीच बांधून. एकाचंही काही वाकडं झालं नाही."

"त्यांना सोडल्यावर उठून बसता येत होतं, अपा. तुमच्या नातीला येत नाही. दिवसभर बांधून ठेवलीत तर ती शिकणार कधी? झोपेत?"

पाळण्यावर जमिनीपर्यंत लोंबणारी रजई होती. थंडीसाठी, असं अपा सांगत. खोली चुलीनं अशी तापली होती की भिंतींना घाम यावा. रजई होती ती गावाच्या डोळ्यांसाठी. तिच्याखाली अकरा महिन्यांची मेरीम छत बघत पडलेली असे.

जन्मताना तिच्या मेंदूला इजा झाली होती. शहरातल्या डॉक्टरनं उभ्या उभ्या सांगितलं, "बालगृहात ठेवा आणि दुसरं होऊ द्या." भांडं फुटलं, दुसरं आणा, त्यातली गत. बाप मॉस्कोत विटा रचत होता. तो फोनवर रडला, निर्णय आईवर टाकला आणि मोकळा झाला. उद्या सकाळी पोरीचा काका तिला बालगृहात न्यायला गाडी आणणार होता. म्हणूनच सालकिननं, पोरीच्या आईनं, सासूची नजर चुकवून बुबुसाराला बोलावणं धाडलं होतं.

बुबुसारा जिल्ह्याच्या दवाखान्यातर्फे अशा पोरांना व्यायाम शिकवायची. उभा जन्म लोकांच्या घरातल्या जमिनीवर गेला होता. गुडघे कामातून गेले होते. नवरा म्हणायचा, "दुनियेची पोरं बसवतेस आणि तुला उठवायला मी लागतो!"

तिनं पट्टे सोडले. मेरीम मोकळी होताच धनुष्यासारखी ताणली गेली. डोकं मागे, पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकलेले, डोळे वर चढलेले.

"बघ," अपा म्हणाल्या. "लाकूड आहे. कुणाला ओळखत नाही ती."

ओढाताण केली तर अंग आणखी ताठतं. बुबुसारानं पोरीचे गुडघे हळूहळू पोटाशी नेले, कंबर दुमडली, आणि तशीच डावी-उजवीकडे डोलवत राहिली. चुलीवरचं पाणी उकळून निम्मं आटलं. मग कुठे पाय सैल पडले. तिनं मेरीमला आपल्या मांडीवर टांग टाकून बसवलं. हात छातीला लावले नाहीत, फक्त कमरेला.

"सालकिन, इकडे ये. मी धरलंय तिथे धर. खाली पाया पक्का असला की वरचं तिचं ती शोधते."

"पडली तर, एजे?" थोरल्या बहिणीला म्हणावं तशी सालकिन म्हणाली.

"पडेल की. तू नव्हतीस पडली?"

डोकं छातीवर लोंबलं. मग थरथरत वर आलं, पुन्हा पडलं, पुन्हा आलं. एवढ्याशा मानेवर केवढं ओझं, आणि ते उचलायचा केवढा हट्ट! बुबुसारानं हे कितीतरी पोरांत पाहिलं होतं, तरी दर वेळी तिच्या अंगावर काटा यायचा. पाळण्यात घातलं की मेजवानी, पहिलं पाऊल पडलं की मेजवानी. बसण्यासाठी मात्र कुणी मेंढी कापत नाही. ते जणू फुकटच मिळतं!

पण मांडी किती वेळ पुरणार? सालकिनला गाई होत्या, चूल होती. बुबुसारानं खोलीभर नजर फिरवली. उघड्या कोठीत खुंटीला लहान मुलांचं लाकडी खोगीर टांगलेलं होतं, पुढेमागे फुलीच्या आकाराची उंच लाकडी टेकणं असलेलं.

"ते काढा."

"हात लावू नकोस!" अपा पहिल्यांदा उठल्या. "माझ्या तालायचं, हिच्या बापाचं आहे ते. पोर घोड्यावर बसण्याजोगं झालं की गोतावळा जमवून त्यात बसवतात, गावभर मिरवतात. मी कुणाला मिरवू, सांग ना! हिला?"

"मिरवू नका. इथे बसवा." बुबुसाराचा आवाज चढला. "अपा, मी खोटं बोलत नाही. ही चालेल असं मी म्हणणार नाही. कदाचित कधीच नाही. पण माणसासारखी बसून समोर बघेल. तेही नको असेल तर घाला रजई!"

अपा परत जमिनीवर टेकल्या. त्यांनी नाही म्हटलं नाही एवढं सालकिनला पुरलं. तिनं खोगीर काढलं.

लोकरीच्या जाड नमद्याच्या गुंडाळीवर ते पक्कं बसवलं. पाठीशी घडी घातलेली शाल, दोन्ही कुशींना पंचे, पायांखाली उशा. टांग टाकून बसल्यावर ते कात्रीसारखे पाय एकमेकांत अडकेनात. मेरीमनं पुढच्या फुलीला हात टेकले. डोकं डगमगलं, वर आलं आणि थांबलं.

तिच्यासमोर छत नव्हतं. चूल होती, दार होतं, आणि जमिनीवर बसलेली एक म्हातारी. मेरीमचे डोळे म्हातारीच्या पांढऱ्या रुमालावर गेले, तिथून चेहऱ्यावर उतरले आणि तिथेच राहिले. अपा नकळत डावीकडे झुकल्या. डोळे डावीकडे आले. अपा उजवीकडे झुकल्या.

"या खुदा," अपा पुटपुटल्या. "ही बघते."

सालकिन तोंडात डोक्यावरच्या रुमालाचं टोक कोंबून उभी राहिली.

तेवढ्यात दार वाजलं. शेजारची तुर्सुन चाळणी मागायला आली आणि उंबऱ्यातच थबकली. सालकिनचा हात रजईकडे गेला. अपांनी तो धरला.

"अगं बाई, हे कोण बसलंय?"

"कोण म्हणजे? मेरीम." अपा खेकसल्या. "दार लाव, वारा येतोय. आणि बस चहाला."

जमिनीवर दस्तरखानाचं कापड पसरलं. रोटी मोडली गेली. अपांनी बायांना चहा ओतला, मग आणखी एक कप घेतला. त्याच्या तळाशी घोटभरच ओतला, ज्यानं लवकर उठून जाऊ नये असं वाटतं त्याला ओततात तितकाच, आणि तो मेरीमच्या पुढ्यात ठेवला.

तिचा हात काही तिथपर्यंत पोचला नाही. चहा निवला. पण शेवटपर्यंत तो कप कुणी उचलला नाही.