समोरून दिसते तेवढी केतकी

आम्हा तिघांच्या ताटांत आमटी निवत होती, आणि फ्लॅटच्या बंद दारापुढे केतकी उभी होती. दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत बाजूंना पसरलेले, तळवे जमिनीकडे, नजर थेट आमच्यावर. सकाळी मी पाच वर्षांनी संगणकावर तिची फाइल उघडली तेव्हा जागा अपुरी असल्याची सूचना पडद्यावर उमटली, आणि मागे वळून पाहिले तर ती इथे होती.

"तिला हात खाली घ्यायला सांग," आई शेवटी म्हणाली. "खांदे भरून येतील."

"गेममधली सगळी पात्रे अशीच उभी करतात, आई. हात पसरलेले असले की काख नीट घडवता येते."

"पाच वर्षं?" बाबांनी विचारले.

"फाइल बंद होती."

केतकी माझी धाकटी बहीण. पाच वर्षांपूर्वी एका दुपारी, आम्ही तिघे झोपलो असताना, ती घरातून निघून गेली. तिला जाताना कोणी पाहिले नाही. त्या वेळी मी एका गेम बनवणाऱ्या कंपनीत चित्रकार होतो. ती गेली त्याच आठवड्यात एका बाजाराचे दृश्य माझ्याकडे आले, आणि बांगड्यांच्या दुकानातल्या मुलीला मी केतकीचा चेहरा दिला. पुढे कंपनी बंद पडली. मी शाळेत चित्रकला शिकवू लागलो, आणि दुकानातली मुलगी हात पसरून अंधारात उभी राहिली.

मग परवा परागचा फोन आला. पराग माझा त्या कंपनीतला सहकारी, आता दुसऱ्या गेम-कंपनीत होता.

"परत ये," तो म्हणाला. "जुनं एखादं पात्र नमुन्याला पाठव, तेवढं पुरे. पण नव्या आवृत्तीत पाठव रे बाबा. तुझ्या काळातल्या फायली आता कोणी उघडत नाही."

"काय काय अपडेट करू?"

"घरात जागा किती आहे?"

प्रश्न मला त्या वेळी विचित्र वाटला नव्हता. सकाळी मी संगणकाची मूळ प्रणाली अपडेट केली, आणि ती पूर्ण झाली तेव्हा आमची बाल्कनी नव्हती. बाल्कनीच्या दाराच्या जागी गुळगुळीत भिंत होती. आई ओल्या टॉवेलांची बादली घेऊन त्या भिंतीपुढे थोडा वेळ थांबली. मग वळून तिने एक टॉवेल केतकीच्या उजव्या हातावर वाळत घातला, एक डाव्या.

आता तीन सॉफ्टवेअर उरली होती. एक आकार घडवणारे, एक रंग चढवणारे, एक हालचाल देणारे. घरात उरले होते हॉल, झोपायची खोली आणि स्वयंपाकघर. हिशेब सरळ होता. एकेका सॉफ्टवेअरला जवळजवळ एवढे सगळे घर लागत होते. तिघांना उभे राहण्यापुरती जागा ठेवायची, तर तिन्हींपैकी एकच अपडेट करता येणार होते.

"रंगाचं कर," बाबा म्हणाले. "वेणी बघ तिची. मांडवाच्या झालरीसारखी गुलाबी झालीय."

"रंगाची फाइल सापडली नाही की यंत्र गुलाबी रंग लावते, बाबा. चूक लपू नये म्हणून."

"मग सापडव. लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक? पाच वर्षांत कोण आलंय आपल्याकडे?" आई म्हणाली. ती केतकीच्या पावलांकडे पाहत होती. "आणि यशोधन, हे काय केलंस? एका पावलावर तीळ होता तर पोरीचा पाय घरात ठरला नाही. तू दोन्ही पावलांवर दिलास?"

तीळ डाव्या पावलावर होता. पण आमच्या कामात शरीर अर्धेच घडवतात; उरलेले अर्धे आरशातल्यासारखे आपोआप उमटते. मी तीळ दिला तेव्हा तो आरसा बंद करायचा राहून गेला होता.

"आकाराचे सॉफ्टवेअर घेऊ," मी म्हणालो. "तीळ पुसता येईल. आणि तिची पाठ घडवायची राहिली आहे."

"पाठ?"

गेममध्ये ती दुकानात बसते आणि खेळणारा समोर उभा राहतो. जे समोरून दिसत नाही ते आम्ही घडवत नाही. घरांच्या मागच्या भिंती नाहीत, टोपल्यांना बूड नाही. हे मी आईला समजावत असताना बाबा पाण्याची मोटर लावायला उठले. केतकीच्या पसरलेल्या हाताखालून वाकून ते जिन्यात गेले, आणि बाहेरून त्यांचा आवाज आला.

"केतकी कुठे गेली?"

"इथेच आहे."

"मला तुम्ही दोघंच दिसताय," ते म्हणाले. "आणि दोन टॉवेल. अधांतरी."

ते घाईने आत आले. दार लावून त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि मग ते तिच्यासमोरून हलले नाहीत.

"पाठ कशाला हवी?" आई म्हणाली. "आपल्याकडेच तोंड करून उभी आहे की ती. तू हालचालीचं घे. मला तिला एकच विचारायचंय."

तो प्रश्न बाबांना आणि मला ठाऊक होता. पाच वर्षे तो मिठासारखा प्रत्येक ताटात वाढला जात होता.

"आई, हालचाल आली की ती कशीही हलेल. मला थांबवता येणार नाही."

"बोलेल ना?"

"ओठ हलतील."

"मग बोलेलच," आई म्हणाली. "अहो, तुम्ही सांगा ना त्याला."

बाबांनी गुलाबी वेणीकडे एकदा पाहिले. "घे हालचालीचं," ते म्हणाले.

मी बटण दाबले. झोपायची खोली आधी गेली, पलंगासह. मग स्वयंपाकघर गेले. गॅसवरच्या कुकरची शिटी भिंतीच्या आतून ऐकू आली आणि विझली. ताटे भिंतीखाली सरकली. हॉल चहूबाजूंनी जवळ येत राहिला. शेवटी आम्ही तिघे एका फरशीवर खांद्याला खांदा लावून उभे होतो, संगणक माझ्या छातीशी, आणि पुढच्या फरशीवर, दाराला टेकून, ती.

पडद्यावर पट्टी भरली.

केतकीने हात खाली घेतले. दोन्ही ओले टॉवेल घसरून तिच्या पायांपाशी पडले. तिने बोटे मिटली, उघडली. पापण्या लवल्या. ती आईकडे पाहू लागली. आईचा श्वास तिच्या गालापर्यंत पोहोचेल इतकी ती जवळ होती.

"केतकी," आई म्हणाली, "आमचं काय चुकलं गं?"

ओठ हलू शकत होते. मला ते पडद्यावर दिसत होते, सगळे आकार तयार होते, एकेका स्वराचा वेगळा. ते हलले नाहीत. ती टॉवेलांवर पाय देऊन उभी राहिली आणि हळूहळू दाराकडे वळली. खांदा अरुंद झाला, गाल नाण्याच्या कडेएवढा उरला, आणि मग समोर फक्त दार होते.

"थांब," मी म्हणालो.

कडी सरकली. दार उघडले. जिन्याच्या पहिल्या पायरीवर एक ओले पाऊल उमटले, मग त्याखालच्या पायरीवर दुसरे.