चमचाभर थेंब

शुक्रवारी संध्याकाळी हॅनाने शब्बाथचा दिवा लावला, आम्ही ज्यू तो फक्त शुक्रवारीच लावतो, आणि मला विचारलं, "अहो, आज वार कोणता?" मी हसण्यावारी नेलं. जेवताना म्हणाली, "अवी अजून शाळेतून आला नाही?" आमचा अवी पंचेचाळीस वर्षांचा आहे आणि इस्रायलमध्ये असतो. खांदा कॉलनीतल्या या घरात आम्ही दोघंच. उद्या हिने मलाही विसरायला सुरुवात केली तर?

गेले काही दिवस ती सारखी पाणी मागत होती, सारखी बाथरूमला जात होती, अन्न तर नकोच. शेजारचे प्रभाकर म्हणाले, "इसाजी, वय झालं की चालायचंच." असा राग आला! यांचं काय वय झालं नाही?

सकाळी तिला हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिले. "काका, यांच्या रक्तात कॅल्शियम फार वाढलंय. त्यानेच असा गोंधळ होतोय. गळ्यातल्या ग्रंथींचा हार्मोन कॅल्शियम वाढवतो, पण यांच्यात तो जवळजवळ बंद आहे. म्हणजे बाहेरून काहीतरी जास्त जातंय. औषधं काय देता?"

"डी व्हिटॅमिन," मी ताठ मानेने सांगितलं. आईची हाडं ठिसूळ झालीत म्हणून अवीने सुट्टीत येताना खोकाभर बाटल्या आणल्या होत्या. "रोज चमचाभर. एक दिवस चुकवलं नाही."

"चमचाभर? अहो, ते थेंबाने द्यायचं असतं! त्यानेच कॅल्शियम चढलंय."

बाटलीवर सगळं हिब्रूत. सिनेगॉगमध्ये मी हिब्रू प्रार्थना खड्या आवाजात म्हणतो. अक्षरं येतात, अर्थ कळत नाही. पण पोटच्या पोराला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? बाटल्या भराभर संपतात म्हणून उलट त्याच्यावरच चिडलो होतो.

बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सलाईन लावलं. "हे डी व्हिटॅमिन अंगात साठून राहतं, उतरायला वेळ लागेल. किडनीवरही ताण आलाय. आत्ताच काही सांगता येणार नाही. तुम्ही पाणी पाजत राहा."

मी ग्लास भरला. आधी स्वतः एक घोट घेतला. नुसतं पाणीच होतं, तरी धीर होईना.

"हॅना, पाणी आहे हं. बघ, नुसतं पाणी."

तिने डोळेसुद्धा उघडले नाहीत. ओठ तेवढे पुढे केले.

"तुम्ही देताय ना? मग बघायचं काय त्यात?"

आणि तिने सगळा ग्लास संपवला. मला आयुष्यात एवढी भीती कधी वाटली नव्हती.