किरीवाचा शब्द

"हात देऊ नका. चिखलानं भरलेत," झरीफा म्हणाली, आणि म्हाताऱ्याचा पुढं आलेला हात हवेतच राहिला.

ती अंगणात तंदूर रचत होती. तांबडी माती, शेळीचे केस, चाळलेला भुसा, आणि हे सगळं तीन दिवस पायांनी तुडवलेलं. त्याची मनगटाएवढी जाड वळी करायची, खालच्या थरावर ठेवायची, आतून अंगठा आणि बाहेरून तळवा फिरवत जोडत जायची. थर चामड्यासारखा वाळल्याशिवाय दुसरा चढवायचा नाही. घाई केली की तंदूर पोटातून फाटतो. झरीफाचा तंदूर कधी फाटला नव्हता. लढाई सरली आणि इराकातल्या शिंगालच्या डोंगराखालची याझिदींची गावं थोडी थोडी माघारी येऊ लागली, तेव्हा बायका एकमेकींना सांगत, "आधी झरीफाकडं माती सांगून ये, मग छपराचं बघ." धूर निघाला की घर परत आलं, असं त्यांचं साधं गणित होतं.

वळी हातात तशीच धरून तिनं वर पाहिलं. डोक्याला तोच लाल चौकड्यांचा रुमाल. दाढी मात्र पार पांढरी, आणि एका डोळ्यावर साय आलेली. दहा वर्षांनी मुतलक तिच्या दारात उभा होता. त्याच्यामागं शम्मो, तिचा धाकटा दीर आणि गावचा कारभारी.

"नाक्यावर शिपायांनी अडवला होता," शम्मो म्हणाला. "म्हणतो, मी ह्या गावचा किरीव आहे, सोडा मला. किरीव! तोंड बघा. म्हटलं चल, वहिनीसमोर म्हण एकदा."

"शम्मो, माणूस दारात आलाय. खाट टाक."

"मी? ह्याला?"

"मग मी टाकते. चिखलाच्या हातानं."

शम्मोनं खाट टाकली. टाकली म्हणजे आपटली. मुतलक काठावर टेकला, पाहुणा टेकतो तसा. पूर्वी तो ह्याच अंगणात पाय पसरून बसायचा, आणि झरीफानं तंदूरमधून काढलेली पहिली भाकरी न विचारता उचलायचा.

झरीफाचा मुलगा बर्जस सहा वर्षांचा असताना सुंतेला ह्याच माणसाच्या मांडीवर बसला होता. वस्तरा फिरला आणि पोराच्या रक्ताचे तीन थेंब मुतलकच्या मांडीवरच्या पांढऱ्या फडक्यावर पडले. याझिदीचं रक्त, अरबाची मांडी. तेवढ्यानं मुतलक त्यांचा किरीव झाला, दोन घरं एका रक्ताची झाली. इतकी जवळची, की पुढं सात पिढ्या त्यांच्यात सोयरीक होऊ नये. अडचणीला किरीवानं आधी धावायचं, सख्ख्या भावानं मागून. खलफनं, तिच्या नवऱ्यानं, मुद्दाम शेजारच्या अरबांच्या गावातला माणूस निवडला होता. "आपल्यातल्याला कशाला किरीव करायचं?" तो म्हणाला होता. "तो आपलाच असतो की."

"बर्जसच्या आई," मुतलक म्हणाला. त्याची कुर्मांजी, याझिदींची बोली, पहिल्यासारखीच अडखळत होती. "छावणीत दहावं वर्ष आहे आमचं. म्हातारी आई खाटेला खिळलीय. रोज विचारते, गावी कधी जायचं. तिला तंबूत मरायचं नाही."

"तंबूत कुणालाच मरायचं नव्हतं," शम्मो म्हणाला. "आमचे तर रस्त्याच्या कडेला मेले."

मुतलकनं मान खाली घातली. "उद्या तुमच्या शाळेत चौकशीचे साहेब बसणार आहेत. तुमच्या गावातल्या एका माणसानं सांगितलं, की हा काळ्या झेंडेवाल्यांत नव्हता, तर माझं गाव मला उघडतं. एकच माणूस पुरे. घर पडलंय म्हणतात. पडू दे. चार भिंतींतली एक उभी असली तरी तिच्या सावलीला म्हातारीला निजवीन."

"तुम्ही त्यांच्यात नव्हता," झरीफा म्हणाली.

"नव्हतो. अल्लाची शपथ!"

"शपथ कशाला घालता? दुसऱ्याच दिवशी तुम्ही म्हातारीला ट्रॅक्टरवर घालून पळालात. आमच्या मेंढपाळानं टेकडीवरून पाहिलं होतं."

"मग सांगाल?"

ती वळीवरून अंगठा फिरवत राहिली. चहा आला, तो त्यानं प्याला. म्हातारीच्या पायाची सूज, छावणीतलं खारट पाणी, तंबूला लागलेली वाळवी, सगळं त्यानं सांगितलं. झरीफा ऐकत होती आणि वाट बघत होती. आता म्हणेल, आता म्हणेल. पेला रिकामा झाला. त्यानं तो जमिनीवर ठेवला, उठला, छातीला हात लावून वाकला आणि निघाला.

फोनबद्दल तो एक अक्षर बोलला नाही.

*

दहा वर्षांमागच्या त्या ऑगस्टात झरीफा डोंगरापलीकडं बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती. सकाळी बातमी आली की काळे झेंडे निघालेत. लोक हंडे, पोरं, म्हातारे घेऊन डोंगराकडं धावत सुटले. खलफनंही गाडी भरली होती. खलफ निघणार तेवढ्यात मुतलकचा फोन आला. 'पळू नका. रस्त्यात मारतायत. घरावर पांढरं फडकं लावा आणि बसा. माझा शब्द आहे, तुम्हाला कुणी हात लावणार नाही.'

शम्मो त्याच्याशी हुज्जत घालून, चिडून, आपलं बिऱ्हाड घेऊन पुढं निघाला, म्हणून वाचला. खलफनं गाडीतलं सामान उतरवलं. फडकं लावलं.

दोन वर्षांमागं गावच्या दक्षिणेला एक खड्डा उघडला. झरीफानं बोटाचं रक्त दिलं. बगदादच्या प्रयोगशाळेनं तिच्या रक्ताशी जुळवून बर्जसची हाडं निवडली. सोळा वर्षांचा होता. खलफची अजून जुळायची होती. बर्जस येत्या गुरुवारी घरी येणार होता.

"उद्या जाऊच नको," संध्याकाळी शम्मो म्हणाला. तो ओल्या तंदूरभोवती येरझारा घालत होता. "नाहीतर जा, आणि सांग की होता. त्यांच्यात होता म्हणून सांग! कोण खोटं म्हणणार आहे तुला?"

"मी म्हणेन ना."

"वहिनी, माझा भाऊ त्याच्या शब्दावर बसला!"

"तंदूरला हात लावू नको. ओला आहे."

"तंदूर! तुझ्या पोटात काय भरलंय, मला कळत नाही. तीसुद्धा मातीच का?"

वरच्या थरावर ओलं पोतं पांघरताना, पाळणा झाकावा तशी वाकून, ती आपल्याशीच गुणगुणत होती. माती मळताना सासू म्हणायची ते:

*माती गं माती, थांबून घे वारा,*
*उद्याच्या थराला आजचा सहारा.*

*

शाळेत मुलांच्या बाकावर साहेब अवघडून बसला होता. तरुण, दक्षिणेकडचा, गोड बोलणारा. वहीवर हात टेकून म्हणाला, "या, हाज्जा, बसा."

"मी कसली हाज्जा, बाबा. याझिदी आहे मी. मक्केत मला कोण घेणार?"

साहेब कानापर्यंत लाल झाला. "चुकलं, आई."

"असू दे. तू लांबून आलायस."

शम्मो खिडकीशी उभा होता. गावचा कारभारी म्हणून त्याला हजर राहावंच लागलं होतं. मुतलक भिंतीशी, दोन्ही हातांत रुमालाचं टोक धरून.

"हा माणूस त्यांच्यात होता का?" साहेबानं विचारलं.

"नाही."

शम्मोनं खिडकीकडं तोंड फिरवलं. साहेबानं लिहून घेतलं आणि शाईची डबी पुढं सरकवली. "इथं अंगठा लावा, आई. झालं काम."

"नाही झालं. पुढचं लिही."

"पुढचं काय?"

"त्या दिवशी ह्यानं फोन केला. म्हणाला, पळू नका, बसा, माझा शब्द आहे. ह्याच्या शब्दावर माझा नवरा आणि मुलगा बसले. ते लिही."

साहेबानं लेखणी खाली ठेवली. "आई, कागदावर एकच प्रश्न आहे. होता की नव्हता. तुम्ही म्हणता तसं लिहिलं, तर त्याचा अर्थ वर वेगळा लावतील. मुद्दाम थांबवलं, म्हणतील. प्रकरण मोसुलला जाईल. मग दोन वर्षं, तीन वर्षं, कोण सांगणार?"

"मुद्दाम थांबवलं नाही. तेही लिही."

"ते मनातलं झालं. मनातलं कसं लिहिणार?"

"मग मी अंगठा देत नाही. अर्धं खरं मी माझ्या हातानं ठेवणार नाही."

बाहेर कुणाची तरी कोंबडी खिडकीखाली कलकलून गेली.

"आणि अजून एक आहे," झरीफा म्हणाली. आता ती साहेबाशी बोलत नव्हती. खिडकीतल्या पाठीशी बोलत होती. "मुतलकचा फोन झाल्यावर खलफनं मला फोन केला. विचारलं, काय करू? गाडी भरलीय. शम्मो ओरडतोय निघ निघ. मी म्हणाले, किरीव म्हणतोय ना? मग बसा."

शम्मो वळला.

"मी म्हणाले, बसा," ती पुन्हा म्हणाली. "दहा वर्षं कुणाला सांगितलं नाही. तुला तर नाहीच. नुसत्या त्याच्या शब्दानं तुझा भाऊ थांबला नसता रे. माझ्याही म्हणण्यानं थांबला. आता हेही लिही, साहेब. ज्याला जो अर्थ लावायचा तो लावू दे."

साहेब मुतलककडं पाहत म्हणाला, "काका, तुमचं काही म्हणणं?"

मुतलक भिंतीपासून सुटला. त्याला उभं राहायला आधार लागत होता, पण त्यानं बाकाला हात लावला नाही.

"लिहा," तो म्हणाला. "ती म्हणतेय तसं झालं. काल तिच्या अंगणात बसून मी सगळं बोललो, एवढं सोडून. छावणीतून निघतानाच ठरवलं होतं, तेवढं बोलायचं नाही. ती विसरली असेल, असं स्वतःला सांगत आलो." तो झरीफाकडं वळला. "बर्जसच्या आई, मला खरंच वाटलं होतं. त्यांच्यातली निम्मी पोरं माझ्या डोळ्यांदेखत वाढलेली. वाटलं, म्हातारा मुतलक शब्द टाकतोय म्हटल्यावर ऐकतील. मला वाटलं, माझ्या शब्दाला तेवढं वजन आहे."

"खलफलाही वाटलं," झरीफा म्हणाली. "मलाही."

साहेबानं सगळं लिहिलं. बराच वेळ लागला. झरीफानं अंगठा लावला. नखाच्या कडेला वाळलेली तांबडी माती शाईत मिसळली. मग मुतलक न विचारता पुढं आला आणि तिच्या अंगठ्याखाली आपला अंगठा टेकला. साहेब म्हणाला, तुमचा लागत नाही, काका. तो म्हणाला, लागू द्या.

बाहेर छावणीकडं जाणारी गाडी अजून आली नव्हती. शाळेच्या भिंतीच्या बोटभर सावलीत दोघं उभी राहिली. मध्ये एका माणसाची जागा.

"म्हातारीला काय सांगाल?" तिनं विचारलं.

"सांगेन, रस्ता बांधतायत. झाला की जाऊ."

दूर धूळ उठली. गाडी येत होती.

"गुरुवारी बर्जस येतोय," झरीफा म्हणाली.

मुतलकनं ऐकलं की नाही कळेना. मग साय आलेला डोळा त्यानं मनगटानं पुसला. "मला नाक्याच्या आत सोडणार नाहीत. कालच्यासारखं कोण आणणार?"

"कबरस्तानाची वाट नाक्यावरूनच जाते," ती म्हणाली, आणि घराकडं चालू लागली.

*

गुरुवारी आकाश धुतल्यासारखं होतं. डफ आणि बासरी पुढं, पांढऱ्या कपड्यांतल्या म्हाताऱ्या मागं, आणि मध्ये पेटी. पेटी मोठ्या माणसाच्या मापाची. आत बर्जस एका कापडात मावला होता, कोपऱ्यात सरकू नये म्हणून भोवती उशा लावून. पुढचा डावा खांदा शम्मोचा. तीन दिवस तो झरीफाशी बोलला नव्हता. सकाळी मात्र येऊन लोटा भरून पाणी दिलं, आणि ती पिईपर्यंत उभा राहिला.

नाक्यापाशी आडवा बांबू होता. त्याच्यापलीकडं, रस्त्याच्या कडेला, मुतलक. पहाटेच आला असावा. चपला धुळीनं पांढऱ्या झाल्या होत्या. डोक्यावरचा रुमाल काढून त्यानं हातात घेतला होता, आणि त्याच्या उघड्या डोक्यावरचे विरळ केस वाऱ्यावर हलत होते. शिपायांनी त्याला हटकलं नाही, आत यायलाही सांगितलं नाही. गर्दीतून कुणीतरी पुटपुटलं. एका बाईनं तोंडावर ओढणी घेतली. झरीफानं मान वळवली नाही. ती शम्मोच्या पाठीकडं पाहत चालत राहिली.

शम्मो थांबला. पाठोपाठ पेटी थांबली, बासरी थांबली.

पेटी हलकी होती, अगदी हलकी. कबरस्तान शंभर पावलांवर होतं. कुणीच दमलं नव्हतं.

"खांदा बदला," शम्मो म्हणाला.

बाकीचे तिघं एकमेकांकडं बघू लागले. बदलायला कुणी पुढं आलं नाही. शम्मोनं आपला खांदा काढला, एका हातानं पेटी पेलून धरली, आणि मुतलककडं बघत दुसऱ्या हातानं बांबू वर उचलला.