अठ्ठावीस पुड्या

चार लांब स्क्रू, चार आखूड, आठ लाकडी खुंट्या, एक वाकडी चावी. एकशे बारा ग्रॅम.

उणे एकशे शहाण्णव अंश. एवढ्या थंडीत म्हणे काही मरत नाही. नुसतं थांबतं.

"अजून काही नाही का गं?" शेजारीण पोटाकडे बघत विचारते.
"आहे की, कपड्यांचा ढीग आहे. या घड्या घालायला."

घोटा सुजला तर बूट चढत नाही. हिरडी सुजली तर घास उतरत नाही. आणि ही बाई आतून सुजलेली, तरी रोज तीन जिने चढत होती, हातातला डबाही सांभाळत.

तीन होते. मग दोन. आता एक.

हे सगळं एकाच बाईचं आहे. ती फर्निचरच्या कारखान्यात सुट्या भागांच्या पिशव्या भरते. गिऱ्हाईक कपाट घरी नेऊन आपलं आपण जोडतं, म्हणून त्या कपाटाला लागणारं सगळं एकाच पिशवीत गेलं पाहिजे, हा तिथला पहिला आणि शेवटचा नियम. भरलेली पिशवी काट्यावर ठेवायची. एक स्क्रू कमी पडला तरी काटा बोंबलतो. नऊ वर्षांत तिच्या पिशवीवर तो बोंबलला नव्हता. टेबलावरच्या बायका तिला ग्रॅमबाई म्हणायच्या.

तिचे आणि नवऱ्याचे तीन गर्भ दवाखान्यात गोठवून ठेवले होते. चौथा मिळणार नाही, हे डॉक्टरबाईंनी आधीच सांगून टाकलं होतं. पहिला आत सोडला, तो रुजला नाही. तेव्हा बाईंनी गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा कण काढून तपासायला पाठवला.

"जुनी सूज आहे अस्तराला," त्या म्हणाल्या. "ओल आलेल्या भिंतीवर कागद चिकटवून बघा. धरतो का? तसं झालंय."

"पण मला काहीच दुखत नाही."

"दुखलं असतं तर बरं झालं असतं. आधीच आला असतात."

चौदा दिवस, सकाळ-संध्याकाळ एक गोळी. एकही चुकवायची नाही.

एकही चुकवायची नाही, हे ग्रॅमबाईला सांगायचं!

त्याच संध्याकाळी ती जेवणाच्या टेबलाशी कागद कापायला बसली. सुजेची गोळी. अंगात रक्त कमी म्हणून दोन वर्षं चालू असलेली लोहाची गोळी. हाडांसाठीची कॅल्शियमची. तीन गोळ्या, एक पुडी. वर तारीख आणि वेळ. अशा अठ्ठावीस.

"काय गं, दुकान काढतेस की काय?" सासूबाईंनी विचारलं.

"एखादी राहून जायला नको, आई."

"तुझी राहणार? माझा मुलगा दोनदा लग्नाची तारीख विसरला, त्याला बांध एक पुडी."

नवरा आतून ओरडला, "एकदाच विसरलो!"

हसले होते तिघंही. चौदा दिवस घरात जरा बरं वाटत होतं. शेवटची पुडी रिकामी झाली, तेव्हा तिने कागद नीट चौकोनी घडी करून टाकला.

डॉक्टरबाई म्हणाल्या, आता महिनाभर थांबू, पुन्हा कण तपासू, मग पुढचं.

ती थांबायला तयार नव्हती. चाळिशी दोन महिन्यांवर आली होती. "मी एकही गोळी चुकवली नाही. काय तपासायचंय? सोडा तुम्ही." बाई दोनदा नाही म्हणाल्या. तिसऱ्यांदा ती खुर्चीतून उठली आणि टेबलाला वळसा घालून बाईंच्या पायांकडे वाकायला लागली. बाईंनी तिचे खांदे धरले. मग एका कागदावर तिची सही घेतली.

दुसरा गर्भ आत सोडल्यावर बाराव्या दिवशी गेला. कामावर, सकाळी साडेदहाला. कपडे बदलून ती परत टेबलाशी आली आणि पिशव्या भरू लागली. सदतिसावी पिशवी काट्यावर ठेवली आणि काटा बोंबलला.

टेबलावरच्या बायकांचे हात थांबले. शेजारची जाडी मैत्रीण उठली, तिने ती पिशवी उचलली आणि काट्याला एक चापट मारली.
"बिघडलाय मेला," ती म्हणाली. "तू घरी जा. मी भरते तुझ्या."

मग पुन्हा कण काढला. अहवाल आला. सूज होती तशीच.

"गोळ्या घेतल्या होत्या ना?"

"एकही—"

"घेतल्या कशा?"

तिने सांगितलं. पुड्यांचं सांगितलं, तारखांचं सांगितलं. आवाजात थोडी ऐट होती. निम्म्यावर तिला दिसलं की बाईंनी पेन खाली ठेवलं आहे.

"लोह आणि कॅल्शियम? सोबत?"

"त्याच घोटात."

"अहो, ती दोन्ही या औषधाला पोटातच धरून ठेवतात. रक्तात उतरूच देत नाहीत. तुम्ही औषध घेतलंत, पण ते तुम्हाला फारसं मिळालंच नाही." बाईंनी फाइल मिटली. "मीही विचारायला हवं होतं."

बाहेर व्हरांड्यात नवरा म्हणाला, "तुझी चूक नाही."

"मग कुणाची? घे ना कुणाचं तरी नाव."

"एक आहे अजून," तो म्हणाला.

"हो. एक." ती हसली, आणि ते हसणं थांबेना. बाकावरची एक बाई आपली पर्स घेऊन पलीकडे सरकली.

पुन्हा चौदा दिवस, पुन्हा तपासणी, तीन महिने तरी. या वेळी तिने घाई केली नाही. नवऱ्याला त्याचीच जास्त भीती वाटली. रात्री त्याने तिला विचारलं, "झोपलीस?" आणि मग तो जागाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात, टेबलावर पिशव्यांचे गठ्ठे यायच्या आधी, तिने एक गोळी तळहातावर घेतली. एकटीच, नुसत्या पाण्यासोबत. बाकीच्या दोन घरी ठेवल्या होत्या, रात्री झोपतानासाठी. तरी तिचा डावा हात आपसूक पर्समध्ये गेला आणि काहीतरी राहिलंय असं शोधत राहिला. उजव्या हाताने तो धरून तिने बाहेर काढला. गोळी गिळली. मग दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवून ती बसून राहिली, जणू उचलले तर ते पुन्हा काहीतरी करून बसतील.

सहा वर्षांपूर्वी तिचा दोन महिन्यांचा गर्भ पडला होता आणि त्यानंतर तीन दिवस तिला बारीक ताप होता. अस्तराची जुनी सूज बहुधा तेव्हाचीच. त्या तीन दिवसांत तिने रजा घेतली नव्हती.