अर्धा मिलिमीटर वाकडा

सुजित नेवाळेला वाकडं बघवत नाही, हे आधी डोक्यात घ्या, नाहीतर पुढचं सगळं येड्यासारखं वाटेल. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचे बंपर रंगवतात, तिथं तो शेवटच्या तपासणीला आहे. आठ तास ट्यूबलाइटखाली बंपर तिरका धरून बघायचं, रंगात धुळीचा कण अडकलाय का, स्टिकर केसभर खाली उतरलाय का, आणि उतरला असला की माल बाजूला. सहा वर्षं हेच. आता हॉटेलात गेला तरी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ केल्याशिवाय मिसळीला हात लावत नाही. मित्राच्या लग्नात स्टेजमागचं थर्माकोलचं एक अक्षर खाली आलं होतं, तर हा पठ्ठ्या मंगलाष्टकं चालू असताना स्टुलावर चढला होता.

असा माणूस घरी काय करतो, तर रेल्वेचे डबे रंगवतो. चिखलीत, गच्चीवरच्या खोलीत. प्लास्टिकचे डबे, वीतभरापेक्षा थोडे मोठे, पण दारं-खिडक्या-पायऱ्या सगळं खऱ्यासारखं. लोक कोरा डबा आणून देतात आणि सांगतात, आमच्या अमक्या गाडीचा करून दे. रंग एअरब्रशनं फवारून मारायचा. नंबर मात्र हातानं नाही लिहीत, ते पातळ फिल्मवर छापून येतात, त्याला डेकल म्हणतात. पाण्यात भिजवायचं, कागदावरून हळूच डब्यावर सरकवायचं, ब्रशनं जागेवर ढकलायचं आणि टिश्यूनं पाणी टिपायचं. एवढंच काम, पण त्या ढकलण्यातच सगळी कला.

आणि या छंदात आपल्याकडं दादासाहेब म्हणून एक आहेत, ते म्हणतील ते खरं. पांढरे केस, कपाळावर भिंगाची पट्टी, बोलणं कमी. वर्षातून एकदा चिंचवडच्या एका हॉलमध्ये प्रदर्शन भरवतात. या वर्षी त्यांनी सुजितला सांगितलं, तुझा एक डबा मांड, खाली नावाची पाटी लाव, हात बरा वाटला तर माझी अख्खी अठरा डब्यांची गाडी तुझ्याकडं रंगवायला देतो. दादासाहेबांची गाडी म्हणजे, बंपर तपासणारा पोरगा जाऊन तिथं रंगारी म्हणून नाव लागणार. सुजितनं ही गोष्ट घरात चार वेळा सांगितली, चौथ्या वेळी आईनं टीव्हीचा आवाज वाढवला.

मांडण्यासारखा डबा एकच होता, धनेशचा. धनेश मूळचा परभणीचा, मारुंजीत भाड्यानं राहतो, हिंजवडीत कामाला. त्यानं कोऱ्या डब्यासोबत एक फोटो दिला होता. निळा डबा, खिडक्यांवर फिकट निळा पट्टा, आणि दारापाशी त्याची आई, हातात पिशवी, पहिल्यांदाच लेकाकडं पुण्याला आलेली. आई आता नाही. तिच्या खांद्याच्या वर डब्याचा नंबर दिसतो आणि तो नंबर वाकडा आहे. कुठल्यातरी यार्डात कुण्या पेंटरनं घाईत लिहिला असणार, शेवटचा आकडा वर चढलेला. छोट्या डब्यावर हिशोब केला तर अर्धा मिलिमीटर.

सुजितनं रंग असा मारला होता की बघत राहावं. आणि नंबर लावला सरळ. डब्यावर नंबर चार ठिकाणी येतो, चारही जागी ओळंब्यात. त्याला वाटलं आपण उपकार केलेत. फोटो काढून पाठवला, तर दहा मिनिटांत धनेशचा फोन.

"सुजितभाऊ, नंबर सरळ लावलात की हो तुम्ही."

"मग? सरळच लावत्यात."

"फोटोत वाकडा आहे."

"ती त्यांची चूक हाय, धनेशभाऊ. ती आपण कशाला करायची?"

धनेश म्हणाला, "मी तो फोटो रोज बघतो. सरळ नंबरचा डबा म्हणजे दुसराच कुठला तरी डबा. आई त्याच्यापाशी उभी नव्हती."

सुजितनं टेप लावून तो एक नंबर उपटला, तर सोबत निळ्या रंगाचा खवलाही आला. तेवढा भाग घासला, परत फवारला, एक दिवस वाळवला. जादा डेकल चार होती. नंबर पांढरे, आणि पांढरी शाई साध्या प्रिंटरमध्ये नसते, म्हणून डेकल बाहेरगावी एकाकडून छापून येतात, तीन आठवडे लागतात. आणि प्रदर्शन रविवारी.

पहिलं डेकल त्यानं अगदी ठरवून वाकडं ठेवलं. टिश्यू उचलून बघतो तर सरळ. म्हणजे टिपता टिपता बोटानं कधी ओढून घेतलं त्याचं त्यालाच कळलं नाही. ते ओलं असतानाच पुसून काढलं. दुसऱ्याला म्हणाला, आता मी बघणारच नाही, आणि ब्रशनं शेवटचा आकडा जोर लावून वर ढकलला, तर फिल्म दुमडली आणि मधला आकडाच फाटला. सुजितनं तो यार्डातला पेंटर जिथं असेल तिथं त्याला असल्या शिव्या घातल्या की खालून आईनं विचारलं, कोण आलंय रं वर.

मग बहीण वर आली, मोनिका. तिनं दोन्ही हात कमरेवर ठेवून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की सरळ लावायला अक्कल लागते, वाकडं तर कुणीपण लावंल, आण इकडं. सुजितला पटलं. डेकल भिजवून तिच्या हातात दिलं, तिनं जीभ दाताखाली धरून ते सरकवलं, टिपलं, मागं सरकली. सरळ! पट्टी लावून बघा, असं सरळ.

"दादा, हात आपोआपच गेला रं," मोनिका रडवेली झाली. "दिवसाला बाराशे लेबलं चिकटवते मी कंपनीत लाइनवर. तिरकं गेलं की सुपरवायझर सगळ्यांसमोर नाव घेतो."

"मग आधी सांगायचं ना, बये."

"तुला म्हाईत न्हाई व्हय, मी काय काम करते ते?"

राहिलं एक डेकल, आणि शनिवार दुपार. सुजित अर्धा तास डब्याकडं बघत बसला. आपला हात काही वाकडा जाणार नाही, हे एकदाचं कबूल केलं, आणि कबूल केल्यावरच सुचलं. कंपनीत हात चुकतो म्हणून कुणी हातावर भरवसा ठेवत नाही, जिग बनवतात, साचा, म्हणजे माल त्यात बसवला की हाताला दुसरीकडं जाताच येत नाही. मग इथं उलटं करायचं. हात राहू दे सरळ, डबाच वाकडा करू. त्यानं डब्याच्या एका टोकाखाली काडेपेटी सरकवली. पण निळा पट्टा दिसला की डोळा परत त्याच्याशीच मापणार, म्हणून अख्खा डबा वर्तमानपत्रात गुंडाळला, नंबरापुरती खिडकी कापली, आणि टेबलाच्या कडेला धरून डेकल अगदी सरळ लावलं. एका दमात. वाळल्यावर कागद सोडला, काडेपेटी काढली. शेवटचा आकडा वर चढलेला, हुबेहूब.

धनेशला फोटो पाठवला. "हाच," एवढंच आलं. सुजितनं विचारलं की उद्या डब्याशेजारी मूळ फोटो ठेवू का, म्हणजे लोकांना कळेल. धनेश म्हणाला डबा मांडा खुशाल, फोटो नको. आई आहे त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघायला नको. सुजित म्हणाला बरं. म्हणाला खरा, पण रविवारी दहा वाजताच त्याला कळलं की आपण उगाच बरं म्हणालो.

पहिल्याच काकांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, रंग झकास, नंबर वाकडा गेलाय हां. मग एक बाई, मग दोन कॉलेजची पोरं. तीन नंबर सरळ आणि एकच वाकडा, त्यामुळं तर आणखीच डोळ्यांत भरायचा. आणि खाली ठसठशीत पाटी, रंगकाम सुजित नेवाळे. अकरापर्यंत नऊ जणांनी सांगितलं. एकानं तर पाठीवर हात ठेवून सांगितलं, होतं रे सुरुवातीला. सहा वर्षं जगाचे वाकडे स्टिकर बाजूला काढलेला माणूस, त्याला हे ऐकावं लागतंय.

साडेअकराला दादासाहेब आले. भिंग खाली ओढलं, डबा टोकापासून टोकापर्यंत बघितला. पट्ट्याची कड, खिडक्यांच्या चौकटी, सगळीकडं मान डोलली. मग थांबले.

"नेवाळे, हा नंबर?"

सुजितचा हात खिशातल्या मोबाइलवर गेला. फोटो होता त्यात. एकदा दाखवला की विषय संपला, अठरा डबे त्याचे. टेबलाच्या पलीकडं धनेश आला होता, तो गुडघ्यांवर बसून डोळे डब्याच्या पातळीला आणून बघत होता, आणि त्याला इकडचं काही ऐकूच येत नव्हतं.

"वाकडा बसलाय, दादासाहेब," सुजित म्हणाला.

दादासाहेब रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. त्यांनी सावकाश समजावलं की खालून टेपची बारीक पट्टी लावून घ्यायची आणि तिच्या कडेला नंबर टेकवायचा, म्हणजे हलत नाही. सुजित हो हो म्हणत राहिला. मग त्यांनी खिशातून छोटा ब्रश आणि पाण्याची बाटली काढली, म्हणाले नवीनच आहे, सुटेल, मी दोन मिनिटांत सरळ करून देतो, आणि हात पुढं केला.

सुजितनं डब्यावर तळहात आडवा धरला. "न्हाई. हात न्हाई लावायचा त्याला."

आजूबाजूचे सगळे वळले. दादासाहेबांना असं कुणी बोलत नाही. त्यांनी ब्रश पुसला, खिशात ठेवला, भिंग कपाळावर चढवलं आणि सांगितलं की शिकायची तयारी नसलेल्या माणसाकडं मी माझी गाडी देत नाही. आणि पुढच्या टेबलाकडं गेले.

सुजित तिथंच उभा. राग धनेशवर, त्या पेंटरवर, स्वतःवर, कुणावर काढायचा तेच कळेना. तेवढ्यात एक गृहस्थ नातवाला उचलून डबा दाखवायला आले, आणि नातवानं लगेच बोट ठेवलं, आजोबा, हे तिरकं आहे.

"व्हय बाळा," सुजित म्हणाला. "तिरकंच हाय."