सर्व्हरचं कपाळ

नव्या सर्व्हरच्या ज्या गोल बटणाला कोणी हात लावू नये असं मुक्ताने सकाळपासून चारदा बजावलं होतं, पूजेत नेमकं त्यालाच दत्तात्रेयकाकांनी गंध लावलं. लावलं म्हणजे चांगलं दाबून लावलं.

"गेला!" काउंटरवरचा प्रल्हाद ओरडला. "काका, वो बंद करने का बटन है!"

काकांचा हात तसाच हवेत राहिला.

"मग कपाळ कुठे असतं याचं? मला वाटलं, हेच."

ब्रह्मा घाटाजवळच्या या मराठी धर्मशाळेच्या ऑफिसात कालपर्यंत सर्व्हर नव्हता. खोल्यांची नोंदणी, श्राद्धाला येणाऱ्या यजमानांच्या याद्या, सगळं हेडक्लार्क दत्तात्रेयकाकांच्या कंप्युटरात होतं आणि बाकीचे चार कंप्युटर त्याच्यातून वाचत. यंत्रालाही विसावा हवा म्हणून काका जेवायला उठताना तो बंद करत. "बंद करतोय!" अशी हाक आली की सगळं ऑफिस हात मांडीवर घेऊन बसे.

अकरा वर्षांत त्यांनी सलग चार दिवस रजा घेतली नव्हती. नाशिकला लेकीकडे, वैदेहीकडे, सख्ख्या नातवाच्या मुंजीला गेले, तेही अक्षता टाकून संध्याकाळच्या गाडीत बसले. ऑफिस माझ्यावाचून अडतं हो, असं कुरकुरत सांगायचे आणि सांगताना छाती फुगायची. हल्ली लेकीने बोलावणंच सोडलं होतं. हे मात्र ते कोणाला सांगत नसत.

सर्व्हरचा, म्हणजे सगळी माहिती ठेवणाऱ्या आणि कधी बंद न होणाऱ्या वेगळ्या यंत्राचा, हट्ट ऑफिसातल्या मुक्ताचा. काका महिनाभर नाही म्हणाले, मग एका अटीवर कबूल झाले. इतकी वर्षं इकडून तिकडून आणलेल्या सॉफ्टवेअरच्या कॉप्यांवर काम चाललं होतं, ते आता नको. पाचही जणांचं लायसन्स रीतसर घ्यायचं.

"दक्षिणेवाचून विद्या फळत नाही," ते ट्रस्टींना म्हणाले होते. तो लायसन्सचा कागद आता पूजेच्या तबकात सुपारीखाली होता.

मुक्ता खाली वाकली. गंधाखालून निळा दिवा तसाच दिसत होता.

"बंद नाही झाला, काका. बटण दाबलं तरी काही होणार नाही, असं कालच करून ठेवलंय मी."

"ते कशाला?"

"तुम्ही गंध लावणार, ठाऊक होतं ना!"

काका खो खो हसले.

"प्रल्हाद, ऐकलंस? माउस धरायला मी शिकवलं हिला!" मग ट्रस्टींना फोन करून तेच सांगितलं, वर गंधाची गोष्टही, स्वतःची फजिती न वगळता. मुक्ताचा त्यांना खरंच फार अभिमान वाटत होता.

एक वाजता ते उठले. "बंद करतोय!" म्हणाले आणि त्यांनी आपला कंप्युटर बंद केला.

प्रिंटर चालूच राहिला. प्रल्हादने मान वर न करता साताऱ्याच्या कुटुंबाला खोलीची पावती दिली. काका दारात डबा घेऊन उभे राहिले, कोणी काही म्हणेल म्हणून.

एकट्या मुक्ताने कीबोर्डवरून हात काढून मांडीवर ठेवले होते.

काकांनी ते पाहिलं.

"काम कर गं. थांबायचं नाही आता," ते म्हणाले. "आणि झालं की नाशिकचं तिकीट बघ. रविवारचं."

"परतीचं कधीचं?"

काकांनी बोटावरचं वाळलेलं गंध धोतराला पुसलं.

"ते वैदेहीला विचारून सांगतो."